राहू दे, वारा फार आहे

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. आधी बातमी, मग ख्यालीखुशाली. धाकटी राणी मला मिळाली. हो, ज्या नाटकात तू वर्षानुवर्षं भाला धरून उभा होतास त्याच नाटकातली. फोन केला असता, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतोस.

निवड कशी झाली ते ऐक. आमचे दिग्दर्शक, त्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते निवडीच्या वेळी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून बसतात. चेहरा दिसला की कान फितूर होतात, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या मुलींना एकच जागा दिली होती. थोरला राजा लढाईहून परत येतोय, नाव किनाऱ्याजवळ आलीय, बाहेर अंधार. पहारेकरी येऊन विचारतो, "राणीसाहेब, कड्यावरचा दिवा लावू?" आणि राजाची धाकटी भावजय म्हणते, "राहू दे. वारा फार आहे." संपलं. दिवा लागत नाही, नाव खडकावर फुटते, दीर बुडतो आणि गादी नवऱ्याला मिळते.

माझ्या आधीच्या सगळ्या ती ओळ गर्जून म्हणत होत्या. मी हळू म्हटली. दूधवाल्याला आज दूध नको म्हणून सांगावं तशी. मास्तर वळून बघायला लागले. म्हणे आजवर कधी वळले नव्हते.

पण मामा, शेवटच्या अंकात माझी पाटी कोरी आहे. आंधळी सासू विचारते ना, "त्या दिवशी खरंच वारा होता का गं?" आणि मग धाकटीचं ते लांबलचक बोलणं. मी सगळं करून बघितलं. मास्तर म्हणतात, पहिल्या अंकात सोनं आणि शेवटच्यात पितळ, हा कुठला दागिना. पुढच्या महिन्याच्या पंचवीस तारखेला पहिला प्रयोग आहे. तू इतक्या राण्या जवळून बघितल्यास. त्या काय करायच्या ते सगळं लिही.

मौनीही होती निवडीला. माझ्या खोलीतली, आईने तुला सांगितलं असेल. तिला गर्दीत मशाल धरायला घेतलंय. तिचं जरा बिनसलं त्या दिवशी.

मामीला नमस्कार.

तुझी भाची

*

९ फेब्रुवारी

भाचीबाई,

पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, घराण्यात निदान एकाला तरी बोलायचा पार्ट मिळाला. आयुष्यभर त्या नाटकात मी एकच वाक्य बोललो, तेही प्रश्नार्थक.

तर राण्या. माझ्या वाट्याला तीन आल्या. पहिलीला आम्ही तोफ म्हणायचो. ती "राहू दे" म्हणाली की पहिल्या रांगेतली लेकरं रडायला लागायची. शेवटच्या अंकात छाती बडवून घ्यायची. दुसरी बेशुद्ध पडायची, आणि नेमाने माझ्या डाव्या पायावर पडायची. अंगठ्याचं नख तेव्हापासून काळं आहे. तिसरी मात्र वेगळी. ती सासूच्या शालीवरचा कचरा एकेक करून वेचत सगळं बोलायची. लोक श्वास धरून बसायचे. मी एकदा तिला विचारलं, हे सुचलं कसं? ती म्हणाली, सुचलं कसलं, शाल खरंच घाणेरडी होती.

पण मला तुझंच कुतूहल जास्त लागून राहिलंय. मी "दिवा लावू?" हे इतक्या वेळा विचारलं, मला कुणी तुझ्यासारखं उत्तर दिलं नाही गं. सगळ्यांनी मला खुनी असल्यासारखं उत्तर दिलं. खरी बाई तशी बोलली तर पहारेकऱ्यालाही संशय येईल की. हे इतकं सोपं, आणि आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुझ्या कुठून आलं? कधी आलं? काय करत होतीस तेव्हा? माझा अंदाज असा, की जिथून पहिली ओळ आली त्याच विहिरीत शेवटच्या अंकाचं पाणी आहे. म्हणून विचारतोय. सविस्तर लिही.

आणि मौनीचं काय बिनसलं?

मामा

*

१३ फेब्रुवारी

मामा,

तिसरी राणी मला फार आवडली. मी परवा शालीवरचा कचरा वेचून बघितला. मास्तर म्हणाले, बाई, घर आवरताय का?

ओळ कुठून आली म्हणतोस, तर आईकडून. लहानपणी तिन्हीसांजेला मी विचारायची, आई, बाहेरचा दिवा लावू? ती हातातलं काम न सोडता म्हणायची, राहू दे. तेच डोक्यात होतं. तेवढंच आहे, त्यात खोल विहीर वगैरे काही नाही.

मौनीला मास्तर बोलले. तिचा क्रमांक माझ्यानंतर होता. तीही तशीच हळू म्हणाली. मास्तर भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "नकलाकारांना आमच्याकडे दुसरं काम असतं." सगळे हसले. घाबरली असेल बिचारी, माझंच कानात राहिलं असेल. आता कंपनीत तिला नक्कल म्हणूनच हाक मारतात. वाईट वाटतं, पण आपण काय करणार. स्वभावाने ती इतकी चांगली की रोज संध्याकाळी माझं पाठांतर घेते. सासू तीच होते.

शेवटच्या अंकाबद्दल अजून काही आठवलं तर लिही. विहिरीचं जाऊ दे.

तुझी भाची

*

१८ फेब्रुवारी

भाचीबाई,

रविवारी तुझ्या आईकडे जाऊन आलो. ताईला म्हटलं, तुझ्या "राहू दे" वर तुझ्या लेकीने मैदान मारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, मी? राहू दे? अरे, मी जन्मात काही राहू दिलंय का?

आणि खरंच आहे ते. तुझी आई "आत्ताच्या आत्ता" या जातीची. मी तिचा धाकटा भाऊ, मला विचार. दिवा लावू का असं विचारायची तिच्या घरात कुणाची टाप नव्हती. न विचारता लावला नाही तर कान लाल व्हायचा.

मग कोण म्हणायचं?

आणखी एक किडा डोक्यात वळवळतोय. मौनी आणि तू एका खोलीत राहता. निवडीआधी तालीमही एकमेकींसमोरच केली असेल, आम्हीही तसंच करायचो. मग तुझी ओळ तिने पहिल्यांदा निवडीच्या दिवशी ऐकली, आणि ऐकून घाबरून उचलली, हे कसं बसवायचं? मला बसेना. मामी म्हणते, तू पोरीची उलटतपासणी घेतोयस. तसं नाही. म्हातारपणी गुडघे वळत नाहीत, डोकं मात्र नको तिकडे वळतं. माझं चुकत असेल तर चुकतंय म्हण, मी सोडून देईन.

मामा

*

२ मार्च

मामा,

इतके दिवस उत्तर दिलं नाही. आजारी नव्हते.

ओळ मौनीची आहे.

एका दुपारी ती खोलीत कपडे वाळत घालत होती आणि पाठ म्हणत होती. मी तुझं काम करत होते, पहारेकऱ्याचं. मी विचारलं, दिवा लावू? तिने टॉवेल झटकला आणि मागे न बघता म्हटलं, "राहू दे. वारा फार आहे." मी खरंच दारात थांबले. मला वाटलं ती मलाच काही सांगतेय. मग अंगावर काटा आला. आणि काटा गेल्यावर पहिला विचार काय आला असेल? की झालं, पार्ट हिलाच मिळणार.

निवडीला चिठ्ठ्या टाकल्या, माझी तिच्या आधी निघाली. जिना चढताना ठरवलं. तोंडातून चुकून निघून गेलं असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं, पण जिन्यावर ठरवलं हे मला पक्कं माहीत आहे. सगळे तिला हसले तेव्हा मी हसले नाही. बोललेही नाही.

तिने भांडायला हवं होतं. ती भांडली नाही. त्या संध्याकाळी तिने मला विचारलं, "खरं सांग, तसं म्हणायचं आधी तुला सुचलं होतं का मला? मला आता नीट आठवेना." हे विचारताना ती घाबरलेली होती, मामा. मी म्हटलं, एकत्रच करत होतो आपण, कुणाचं कुठलं कोण सांगणार. ती म्हणाली, मग तुझंच असेल.

परवा मी तिला विचारलं, शेवटचा अंक तू कसा करशील? म्हणाली, "मला नको विचारूस. मी जे करीन ते कुणाचं तरी उचललेलंच असेल." हा प्रयोग झाला की ती कंपनी सोडणार आहे. काकांच्या दुकानात बसणार म्हणते.

तू विचारत राहिलास म्हणून लिहिलं. आता काय करू ते सांग.

भाची

*

६ मार्च

भाचीबाई,

पत्र मामीला वाचून दाखवलं नाही.

नाटकात सगळेच उचलतात. भाला टेकायची ढब कुणाची, खोकायची पद्धत कुणाची, याचा हिशोब ठेवायला बसलं तर पडदा वर जायचा नाही. ओळ उचललीस यावरून मी तुला सुळावर चढवणार नाही. पण त्या मुलीने तुला सरळ विचारलं, आणि तू तिला तिच्याच डोक्यावर शंका घ्यायला लावलीस. पार्ट गेला तर दुसरा मिळतो. स्वतःवरचा भरवसा गेला तर माणूस कशावर उभं राहणार? दुकानात बसूनही तिला रोज वाटणार की हे गिऱ्हाइकाशी बोलतेय तेही कुणाची तरी नक्कल.

काय करू म्हणून विचारतेस. आधी तिला सांग, मग मास्तरांना. प्रयोगाच्या आत सांग. पार्ट जाईल, कदाचित कंपनीही. ताईला मी सांभाळून घेईन.

मामा

*

१० मार्च

मामा,

रागावू नकोस, पण एक विलक्षण गोष्ट झाली आहे आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

शेवटचा अंक आला.

तुला ते पत्र टाकून तालमीला गेले. सासूने विचारलं, खरंच वारा होता का गं? आणि मला मौनीचा चेहरा दिसला, आठवेना म्हणतानाचा. मी काहीच केलं नाही. नुसतं "होता" म्हटलं आणि आवाज कुठल्या कुठे गेला. सगळी तालीम थांबली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, आता दागिना झाला.

म्हणजे तुझंच खरं झालं, विहीर एकच होती. आता माझी अडचण समजून घे. हे आत आहे म्हणून तो अंक येतोय. सांगून टाकलं तर मी मोकळी होईन, आणि मोकळी झाले तर बोलणार कशाच्या जोरावर? म्हणून ठरवलंय की पहिला प्रयोग होऊ दे. त्याच संध्याकाळी मौनीला सांगते, शप्पथ. इतके दिवस थांबलंय, थोडे दिवस आणखी. तू तर रंगभूमीवरचा माणूस आहेस, तुला कळेल.

तुझी भाची

*

१३ मार्च

मला कळत नाही.

तू तिची ओळ घेतलीस. आता तिचं दुःखही घेतलंस आणि त्यावर टाळ्या घ्यायला निघालीस. राणी निदान नवऱ्याच्या गादीसाठी करत होती.

प्रयोगाला मी येत नाही. भाला धरायची सवय आहे, हात उठायचा.

मामा

*

१७ मार्च

मामा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं. दोघांनाही, एकत्र, तालमीच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर.

म्हटलं, ती ओळ मौनीची आहे, मी तिची ऐकून आधी म्हटली, नक्कल मी केली. मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "ठीक. तिला म्हणू दे."

मौनी पुढे आली. कुणीतरी विचारलं, दिवा लावू? आणि ती ओरडली, मामा. तोफेसारखी, जशा सगळ्या ओरडतात तशी. मी म्हटलं, अगं तशी नाही, त्या दुपारी म्हणालीस तशी म्हण. तिने परत म्हटली, परत तसंच. तिसऱ्या वेळी तिला हुंदका आला.

मास्तर उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "मैत्रिणीसाठी हातचा पार्ट सोडायला निघाली. असं मन आजकाल बघायला मिळत नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ओरडून सांगितलं की खोटं नाही, खरं आहे. जितकं सांगावं तितकं ते माझं कौतुक करतात. घरी आल्यावर मौनीने माझे हात धरले. म्हणाली, "माझ्यासाठी इतकं खोटं कुणी बोललं नव्हतं."

आता मी काय करू? खरं बोलून झालं आणि ते खोट्यापेक्षा वाईट निघालं. या शहरात खरं काय ते एकट्या मला माहीत, आणि माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मला लाज वाटते, दुसरं काही वाटतच नाही. तू काहीतरी कर.

भाची

*

२० मार्च

चि. मौनी,

हे नाव तुला आवडतं की नाही मला माहीत नाही, पण दुसरं कुणी मला सांगितलेलं नाही. मी तुझ्या खोलीतल्या मुलीचा मामा. तुमच्या नाटकात पूर्वी पहारेकरी होतो.

ती तुझ्याशी खोटं बोलली होती, आणि परवा खरं बोलली. पण हे पटवायला मी लिहीत नाही. तू तिचं ऐकावंस असं तिने काही ठेवलेलं नाही, आणि मी तर तिचाच मामा. मला फक्त एक विचारायचं आहे. महिनाभर हा प्रश्न मी चुकीच्या माणसाला विचारत बसलो.

"दिवा लावू?" असं मी तीन राण्यांना विचारलं. तिघींनी खुनी बाईसारखं उत्तर दिलं. कपडे वाळत घालता घालता ते साधं उत्तर तुला कुठून सापडलं? मला समजूत घालता येत नाही, त्यासाठी घरात बायको आहे. मला खरंच जाणून घ्यायचंय. आठवलं तर लिही. नाही आठवलं तर तसं लिही, मी काही मनाने भरणार नाही.

तुझा कुणी नव्हे असा एक मामा

*

२४ मार्च

ती. मामांस,

नमस्कार. तुमचं पत्र दोन दिवस उशीखाली ठेवलं. मला वाटलं हीसुद्धा तिचीच काही युक्ती. मग कपडे वाळत घालताना आठवलं.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ. आजोबा आतून म्हणाले, छातीत दुखतंय. आईने बाबांना विचारलं, डॉक्टरांना बोलावू का? बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "राहू दे. ऊन फार आहे." ते ओरडले असते तर आई घाबरून धावली तरी असती. पण ते इतकं साधं म्हणाले की आईने चहा ठेवला. चहा होईपर्यंत आजोबा गेले. पुढे घर बाबांच्या नावावर झालं. त्यांच्या मनात तेव्हा काही होतं की नव्हतं, मला माहीत नाही. आमच्याकडे त्यावर कुणी कधी बोललं नाही. मीही नाही. म्हणून तर मला मौनी म्हणतात.

हे मी तुमच्या भाचीला कधीच सांगितलेलं नाही. म्हणजे तिला ते तसं सुचायला जागाच नव्हती. इतकं लक्षात आलं आणि बाकीचं सगळं धडाधड आठवलं. टॉवेल आठवला, ती दारात थांबली ते आठवलं, नंतर मी विचारलं तेव्हा तिने खाली बघून दिलेलं उत्तर आठवलं.

काल मास्तरांकडे एकटीच गेले. बाबांचं सांगितलं आणि ओळ म्हणून दाखवली. या वेळी ते भिंतीकडे वळले नाहीत, माझ्याकडे बघत ऐकलं. मग म्हणाले, उद्या-परवावर प्रयोग आलाय, आता काही बदलत नाही, पुढच्या नाटकाला बघू. नक्कल म्हणून हाक मारू नका एवढं मात्र सगळ्यांना सांगितलं. काकांना कळवलंय की दुकानात येत नाही.

तुमच्या भाचीवर मी रागावले आहे. आधी आठवत नव्हतं म्हणून राग येत नव्हता, आता दोन्ही एकदम आलंय. पाठांतर घेणं बंद केलं. तिने माफी मागितली, मी अजून काही बोललेले नाही. आज सकाळी फक्त एवढंच म्हटलं, की ओळ मला परत हवी. ती माझ्या घरातली आहे, ती उद्या तू तशी म्हणायची नाहीस.

ती म्हणाली, मग मी कशी म्हणू?

मी म्हटलं, मला माहीत नाही. तुझी तू शोध.

तेव्हापासून ती न्हाणीघरात दार लावून म्हणून बघते आहे. मला इथे सगळं ऐकू येतंय. अजून तरी ओरडतेच आहे.

मौनी